वादळाची शाईचित्रं: आधी पांढरं बघा

टाक आणि शाईने काढलेल्या वादळाच्या चित्रांचं प्रदर्शन बघायला जाणार असाल तर एक कळकळीची विनंती आहे. आधी काळं नका बघू, पांढरं बघा. वीज, लाटेवरचा फेस यांतलं काहीच काढलेलं नसतं. चित्रकाराने तेवढा कागद राखलेला असतो. एकदा शाई पडली की तो पांढरा परत येत नाही. वरून पांढरा रंग लावून वीज ओढता येते, पण ती ढगावर चिकटवल्यासारखी दिसते.

विजेजवळ जाऊन बघा. कडेलाच गर्द काळं भरलं असेल तर ती वीज न वाटता भिंतीला गेलेला तडा वाटते. खरी वीज शेजारचा ढग उजळवते, म्हणून तिच्यालगत रेघा विरळ हव्यात आणि लांब जाईल तसं दाट होत जायला हवं.

ढगाचं काम सगळ्यात चिकाटीचं. पहिला थर बारीक रेघांचा, एकाच दिशेने. तो पूर्ण वाळला की दुसरा, साधारण २०-३० अंश तिरका. थेट काटकोनात रेघा मारल्या की ढगाची चाळणी होते. तीन-चार थरांनंतर कागदाचे तंतू उठायला लागतात, निब त्यात अडकते आणि शाईचे शिंतोडे उडतात. म्हणून ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा, जाड) आणि हॉट प्रेस, म्हणजे गरम दाबाने गुळगुळीत केलेला कागद घ्यावा. नव्या निबवर तेलकट थर असतो. तो पुसला नाही तर शाई निबला धरतच नाही. पावसाच्या रेघा पट्टीने मारू नयेत, तारा ताणल्यासारख्या दिसतात. हात खांद्यापासून फिरवायचा आणि रेघ संपता संपता निब उचलायची.

वारा दिसत नाही, त्याने वळवलेलं पाणी दिसतं. लिओनार्दो दा विंचीने १५१७-१८ च्या सुमारास महापुराची चित्रं काढली, ती आता इंग्लंडमध्ये विंडसरला ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहेत. बरीचशी काळ्या खडूत आहेत, एका पानावर खडूवरून टाकही फिरवलेला आहे. त्यात पाण्याला केसांसारखी वळणं आहेत आणि सगळा जोर त्या वळणांत आहे.

एवढं करून दालनात माती होते ती काच आणि माउंटमुळे (माउंट म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट). काळ्याभोर ढगावरची काच आरसाच होते, बघणाऱ्याला स्वतःचा शर्ट दिसतो. दिवा वरून, उभ्या रेषेशी सुमारे ३० अंशांवर हवा आणि समोर खिडकी नको. खरखरीत मॅट काच लावली तर बारीक रेघा पुसट होतात, त्यापेक्षा परावर्तन कमी करणारी काच महाग असली तरी तीच घ्यावी. माउंट पांढराशुभ्र असेल तर चित्राचा कागद पिवळट दिसतो आणि वीज विझते, म्हणून माउंट कागदाहून किंचित गडद निवडावा. तो आम्लविरहित हवा आणि काच चित्राला टेकता कामा नये. चित्र मागून सगळीकडे डिंकाने चिकटवलं की दमट हवेत फुगतं. वरच्या कडेला दोन छोट्या जपानी कागदाच्या पट्ट्या पुरतात.

कागदावरच्या कामाला प्रकाश मंद, ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासच ठेवतात. आत शिरल्यावर अंधारलेलं वाटेल. डोळ्यांना पाचेक मिनिटं द्या, मग विजेपाशी जा.