साड्या तुमच्याच, पण हात माझे आहेत!

परत तेच! "ताई, साड्या तर आमच्याच आहेत, मग गोधडी शिवायचे साडेतीन हजार कसले?" कसले म्हणजे? हातांचे, डोळ्यांचे, आणि जमिनीवर मांडी घालून बसून जिचा काटा ढिला होतो त्या कंबरेचे!

एकदा हिशोबच मांडते. डबल बेडची गोधडी म्हणजे साधारण 90 बाय 100 इंच. इंचा-इंचावर धावदोऱ्याची ओळ घातली तरी 9000 इंच शिवण होते, म्हणजे जवळजवळ 229 मीटर. इंचाला चारच टाके धरा, 36 हजार टाके झाले. साडेतीन हजार भागिले 36 हजार करून बघा, टाक्याला दहा पैसेसुद्धा पडत नाहीत! त्यातच दोरा आणि अस्तर. आणि यांना ओळी हव्यात "जवळजवळ, आजीच्या गोधडीसारख्या". अर्ध्या इंचावर घेतल्या की काम दुप्पट, हे सांगितलं की तोंड वाकडं.

साड्या आणतात त्याही कशा! डांबरगोळ्यांचा भपकारा, फॉल तसाच लावलेला. तो उसवायचा कोणी? मीच. फोनवर दहादा सांगते, सुती आणा. तरी निम्म्या सिंथेटिक निघतात. त्या एकमेकींवरून सरकतात, आतले थर गोळा होतात. जुनी रेशमी तर विचारूच नका. वरून झकास दिसते, पण घडीवर विरलेली असते. सुई घातली की टर्रकन फाटते, आणि मग "आईची साडी फाडलीत तुम्ही". मी फाडली? ती कपाटातच मेली होती!

"ऑनलाइन तर आठशेला मिळते." मग घ्या ना! मशीनवर मारलेली, पॉलिस्टर भरलेली रजई आहे ती. पण नाही, हातचीच पाहिजे. आणि हातची दिली की बोट फिरवत, "इथे टाके जरा वाकडे वाटतात नाही?"

ब्लाउजवाला प्रिन्सेस कटचे सांगेल तेवढे निमूट मोजतात, कारण त्याचं दुकान आहे, वर बोर्ड आहे. मी घरात शिवते म्हणून "घरी बसूनच तर करता". नातेवाईक तर त्यांच्याही वरचढ. "घरचीच आहेस, दोऱ्याचे घे फक्त. तुलाही तेवढाच विरंगुळा." विरंगुळा म्हणे! बाळाचं दुपटं तर यांना आहेरातच हवं असतं, तेही डोहाळजेवणाच्या चार दिवस आधी सांगून.

एकीने तीनशे रुपये घासाघीस करून कमी करवले आणि त्याच संध्याकाळी स्टेटस टाकला, "आजीच्या मायेची ऊब". आजीची साडी होती, कबूल. पण माझं नाव? नंबर राहू दे, नुसतं नाव तरी?

तर आता ऐका. निम्मे पैसे आगाऊ. साड्या सुती, धुतलेल्या, फॉल उसवलेल्या. पावसाळ्यात घाई करायची नाही, माझ्याकडे वाळवायला गच्ची नाही. भाव एकच. आणि "थोडं कमी करा ना ताई" म्हणणाऱ्यांना माझ्याकडून सुई-दोरा फुकट मिळेल, बसा घरी आणि घाला 36 हजार टाके.