महापौरांचा धाकटा भाऊ

दादाला लोकांनी महापौर केलं. मला कुणीच काही केलं नाही, तरी गटार तुंबलं की लोक मलाच गाठतात.

त्यांचंही खरंच आहे. मोठ्या शहराच्या महापौराभोवती सचिव, सुरक्षारक्षक आणि बंद दारं असतात. लहान शहराच्या महापौराभोवती नातेवाईक असतात. दादाचा फोन लागला नाही तर वहिनीचा, तिचाही नाही लागला तर माझा. "तुम्ही महापौरांचे भाऊ ना?" हे मला दवाखान्यात विचारून झालंय, एकदा तर स्मशानात. तिथल्या गृहस्थांची तक्रार पथदिव्याची होती.

मध्यंतरी दादाबरोबर सलूनमध्ये गेलो. दादाची मान मागे टेकलेली, तोंडभर फेस. सलूनवाल्यानं वस्तरा गळ्यापाशी आणला आणि तिथेच थांबवून शांतपणे विचारलं, "साहेब, आमच्या गल्लीतल्या गटाराचं काय झालं?" दादाचं ठरलेलं उत्तर 'बघतो'. त्या दिवशी तो ओठ न हलवता 'उद्या' म्हणाला. मगच वस्तरा पुढे सरकला.

आता उद्या काय, परवासुद्धा ते गटार दादाच्या हातात नाही. अमेरिकेत स्टॉन्टन शहरानं १९०८ साली कारभार बघायला पगारी व्यवस्थापक नेमला. १९१३ च्या पुरात तिथल्याच डेटन शहराची दैना झाली, तेव्हा त्यांनीही पुढच्या वर्षी तीच वाट धरली आणि मग ही पद्धत फोफावली. पैसा, माणसं आणि यंत्रं व्यवस्थापकाकडे. महापौराकडे सभेचं अध्यक्षपद, फिती आणि शिव्या. आमच्याकडेही थोडंफार हेच. फ्रान्समधल्या महापौराला निदान लोकांची लग्नं लावता येतात. दादाला लग्नात फक्त भाषण करता येतं, आणि तो ते करतो.

तरी दादाला आशा आहे. कॅल्विन कूलिज १९१० आणि १९११ मध्ये नॉर्थॅम्प्टन नावाच्या लहान शहराचे महापौर होते आणि १९२३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, हे तो दर पंधरवड्याला कुणाला ना कुणाला ऐकवतो. कूलिज कमी बोलण्याबद्दल प्रसिद्ध होते, हा भाग मात्र गाळतो. सार्वजनिक नळाच्या उद्घाटनाला त्याचं भाषण संपेपर्यंत नळाचं पाणी गेलं होतं.

मला स्वतःला स्टब्सची कारकीर्द जास्त पटते. स्टब्स म्हणजे अलास्कातल्या टॉकीट्ना गावचा बोका. १९९७ पासून २०१७ मध्ये मरेपर्यंत तो तिथला मानद महापौर होता. त्याच्याकडे गटाराची तक्रार नेलीच असेल कुणी, तर त्यानं जांभई दिली असणार, आणि तेवढ्यावरही लोक खूश झाले असणार. २०१३ मध्ये एका कुत्र्यानं त्याला फार जखमी केलं, तरी तो पदावर टिकून राहिला. हे सगळं मी दादाला सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, "कुत्रा कुठल्या पक्षाचा होता?"

यंदा दादा दमलाय. पुढच्या निवडणुकीला उभा राहणार नाही म्हणतो. आता निवांत दाढी करायची, कुणाला 'बघतो' म्हणायचं नाही. मला तर केव्हा एकदा 'माजी महापौरांचा भाऊ' होतोय असं झालं होतं. काल संध्याकाळी वहिनीनं उमेदवारीचा अर्ज आणून टेबलावर ठेवला. मी दादाकडे बघितलं. तो म्हणाला, "माझ्याकडे काय बघतोस? तिलाच द्यायचंय तिकीट."

म्हणजे मी आता महापौरांचा दीर होणार.