रॉटरडॅममध्ये जन्मलेला पोरगा केप व्हर्डेचा नाही का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा,

केप व्हर्डेवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. मोठी आहे, पोटतिडकीनं लिहिलीय, म्हणून खाली दोन ओळी टाकून न सोडता वेगळं उत्तर लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, दादांचं म्हणणं असं की सव्वापाच लाख वस्तीच्या देशानं 2026 चा फुटबॉल वर्ल्ड कप गाठला म्हणून मी उगाच भारावून गेले, खरं तर ती "नेदरलँड्स, फ्रान्स, पोर्तुगालमध्ये तयार झालेली पोरं गोळा करून बनवलेली भाड्याची टीम" आहे, त्यात त्या बेटांचं कर्तृत्व काय? दुसरं, वर्ल्ड कप 48 टीमचा केल्यावर कुणीही आत येतं. आणि शेवटी, अशी छोट्या देशांची उदाहरणं देऊन भारताला नावं ठेवायची फॅशन झालीय.

48 टीमचा मुद्दा आधी, कारण तो लवकर संपतो. आफ्रिकेला आधी पाच जागा होत्या, आता थेट नऊ झाल्या, हे बरोबर, आणि जुन्या पद्धतीत ग्रुप जिंकून वर अजून एक प्लेऑफ खेळावा लागायचा हेही बरोबर. पण ग्रुप तर जिंकावाच लागला ना? त्या ग्रुपमध्ये कॅमेरून होता, आठ वर्ल्ड कप खेळलेला, आफ्रिकेत सगळ्यात जास्त. दहा मॅचमध्ये केप व्हर्डेचे 23 पॉइंट, कॅमेरूनचे 19. जून 2024 मध्ये याच कॅमेरूननं त्यांना 4-1 असं धुतलं होतं, ती एकच मॅच ते हरले, आणि 9 सप्टेंबर 2025 ला राजधानी प्राइयामध्ये 1-0 नं परतफेड केली. नंतर लिबियात 3-1 नं मागे पडून 3-3 केलं आणि 13 ऑक्टोबरला एस्वातिनीला 3-0 हरवून तिकीट काढलं. कॅमेरून प्लेऑफला गेला आणि तिथे डीआर काँगोकडून हरला. नायजेरियाही त्याच काँगोपुढे पेनल्टीवर गेला, 20 कोटींच्या वर वस्ती असलेला देश. जागा वाढवूनही ही दोघं बाहेर आहेत, तर "कुणीही आत येतं" कसं म्हणायचं?

आता भाड्याच्या टीमचं. यावर मला सविस्तर लिहायचंय कारण तुमचा खरा आक्षेप इथेच आहे आणि मला तो मुळातूनच पटत नाही.

केप व्हर्डे म्हणजे सेनेगलच्या किनाऱ्यापासून साधारण 600 किलोमीटर आत अटलांटिकमधली दहा बेटं, त्यातल्या नवांवर माणसं राहतात. पोर्तुगीज पंधराव्या शतकात आले तेव्हा तिथे कुणीच राहत नव्हतं. म्हणजे या देशातला प्रत्येक माणूस कुठून तरी आलेल्यांचा, आणि बहुतेकांचे पूर्वज गुलाम म्हणून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेले. पाऊस भरवशाचा नाही, वर्षानुवर्षं दुष्काळ. 1940 च्या दशकात दोनदा असे दुष्काळ पडले की हजारो माणसं उपासमारीनं मेली, आणि राज्य करणाऱ्या पोर्तुगालनं मदत काय केली तर माणसांना साओ तोमे या आपल्याच दुसऱ्या वसाहतीतल्या कोकोच्या मळ्यांवर कंत्राटी मजूर म्हणून पाठवलं. त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेची देवमाशांच्या शिकारीची जहाजं या बेटांवर थांबायची आणि इथली तरुण पोरं खलाशी म्हणून घेऊन जायची, अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड आणि आजूबाजूच्या गावांत त्यांची वस्ती झाली ती आजही आहे. मग जहाजावर काम करत करत लोक रॉटरडॅमच्या बंदरात उतरले, लिस्बनच्या बांधकामांवर गेले, पॅरिसच्या उपनगरांत गेले. आज बेटांवर जेवढे केप व्हर्डियन राहतात त्याहून जास्त बाहेर राहतात असं सगळेच सांगतात, आणि बाहेरून येणाऱ्या पैशावर तिथली घरं चालतात.

बाहेरच्यांना तो देश नुसते पैसे पाठवणारे समजत नाही हे लक्षात घ्या. त्यांच्या संसदेत 72 जागा आहेत, त्यातल्या सहा परदेशात राहणाऱ्या नागरिकांच्या: दोन आफ्रिकेतल्यांच्या, दोन अमेरिकेतल्यांच्या, दोन युरोप आणि बाकी जगातल्यांच्या. जो देश रॉटरडॅममधल्या माणसाला मत देऊन खासदार निवडायला लावतो, त्यानं त्याच माणसाच्या पोराला सेंटर फॉरवर्ड केलं तर ते भाडं कसं झालं?

दादा, तुमच्या जुन्या प्रतिक्रियांवरून तुम्ही रत्नागिरीकडचे आहात असं वाटतं म्हणून सांगते. मुंबईत मैदानांवर रविवारी टेनिस बॉलच्या टूर्नामेंट होतात, गावाच्या आणि वाडीच्या नावानं टीम उतरतात, टी-शर्टवर ग्रामदेवतेचं नाव असतं आणि अकराच्या अकरा पोरं परळ, भांडुप नाहीतर विरारला जन्मलेली असतात. त्यांना कुणी भाड्याची टीम म्हणत नाही. कारण बाप, आजा पोटासाठी मुंबईला आला आणि गाव सुटलं नाही, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. केप व्हर्डेचं तेच आहे, फक्त मधे बोटीच्या एका रात्रीऐवजी समुद्र आणि पासपोर्ट आहेत.

डायलॉन लिव्रामेंतो, ज्यानं कॅमेरूनविरुद्धचा तो गोल मारला, रॉटरडॅमचा. जामिरो मोंतेइरो, दुआर्ते बंधू, तेही तिथलेच. लोगन कोस्ता पॅरिसजवळचा. रॉबेर्तो लोपेश, ज्याला सगळे पिको म्हणतात, तो तर डब्लिनचा, वडील केप व्हर्डेचे, आई आयरिश, तिथल्या शॅमरॉक रोव्हर्स क्लबकडून खेळतो आणि आधी बँकेत गृहकर्जाचं काम बघायचा. त्याला तेव्हाच्या कोचनं लिंक्डइनवर पोर्तुगीजमध्ये मेसेज टाकला, त्याला वाटलं स्पॅम आहे, काही महिन्यांनी कोचनं पुन्हा इंग्लिशमध्ये विचारलं तेव्हा कुठे त्यानं जुना मेसेज ट्रान्सलेट करून बघितला. 2019 पासून तो डिफेन्सचा खांब आहे. ही गोष्ट लोक गंमत म्हणून सांगतात, मला ती कामाची वाटते. ज्या फेडरेशनकडे पैसे नाहीत, स्काउटचं जाळं नाही, तिथला कोच आयर्लंडच्या लीगमधलं एक आडनाव बघून त्याच्या मागे लागतो आणि उत्तर नाही आलं तरी सोडत नाही. बेटांनी काय केलं म्हणून विचारलंत ना, हे केलं. आपली माणसं कुठे कुठे आहेत ते शोधलं, आणि त्यांना यावंसं वाटेल अशी टीम उभी केली.

आणि दुसरी बाजू कुणी मोजतच नाही. इतकी वर्षं प्रवाह उलटाच होता. रोलांदो केप व्हर्डेच्या साओ व्हिसेन्ते बेटावर जन्मला आणि पोर्तुगालकडून 2010 चा वर्ल्ड कप खेळायला गेला. जेल्सन मार्तिन्स प्राइयाचा, 2018 ला पोर्तुगालच्या स्क्वॉडमध्ये. स्वीडनच्या हेन्रिक लार्सनचे वडील केप व्हर्डियन, फ्रान्सच्या पॅट्रिक व्हिएराचं आईकडचं घराणं तिथलं. तेव्हा "पोर्तुगालची टीम भाड्याची" असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. श्रीमंत देशानं घेतलं की त्याला टॅलेंट म्हणायचं आणि गरीब देशाची नातवंडं परत आली की भाडं म्हणायचं, हे मला खरंच अन्यायाचं वाटतं.

खरोखरची भाड्याची टीम कशी असते तेही सांगते. इक्वेटोरियल गिनीनं मध्यंतरी ज्यांचा त्या देशाशी काही संबंध नाही अशा ब्राझिलियन खेळाडूंना नागरिकत्व देऊन खेळवलं होतं. त्यावर टीका करा, मी तुमच्या सोबत आहे. पण आजी ज्या बेटावर पुरलीय त्या बेटासाठी खेळणाऱ्याला त्याच रांगेत नका बसवू.

तुम्ही असंही लिहिलंय की "नावं बघा, लोपेश, मेंदेश, रोद्रिगेश, सगळे पोर्तुगीजच की." अहो, ही आडनावं गोव्यात म्हापशाच्या बाजारात हाक मारली तर दहा जण वळून बघतील. राज्य पोर्तुगीजांचं होतं, चर्चनं नावं दिली, ती राहिली. 1961 ला गोवा सुटला, 1975 च्या 5 जुलैला केप व्हर्डे सुटला, आणि त्यासाठी लढा उभारणारा अमिल्कार काब्राल दोन वर्षं आधीच, जानेवारी 1973 मध्ये मारला गेला होता. ज्या वर्षी टीम क्वालिफाय झाली ते स्वातंत्र्याचं पन्नासावं वर्ष होतं, तिथे लोक रस्त्यावर का रडत होते ते यावरून समजून घ्या.

बरं, सगळे बाहेरचेच आहेत असंही नाही. गोलकीपर व्होझिन्या साओ व्हिसेन्तेवरच्या मिंडेलोचा, 1986 चा जन्म, म्हणजे क्वालिफाय होताना 39 वर्षांचा. बेटांवरच्या क्लबमधून सुरुवात करून अंगोला, मोल्दोव्हा, सायप्रस, स्लोव्हाकिया, पोर्तुगाल असा फिरत फिरत खेळत राहिला. स्टोपिरा प्राइयाचा, हंगेरीत दहाएक वर्षं काढलेला, आणि एस्वातिनीविरुद्ध तिसरा गोल जादा वेळेत त्यानंच मारला, वय 37. कॅप्टन रायन मेंदेश साओ व्हिसेन्तेचा. तिथली लीग कशी असते माहितीय का, प्रत्येक बेटाची वेगळी स्पर्धा, सांतियागो आणि सांतो आंताओ या दोन बेटांच्या दोन-दोन, आणि मग विजेत्यांची राष्ट्रीय स्पर्धा, कारण रोज समुद्र ओलांडून मॅच खेळायला जाणं परवडणारच नाही. कोच बुबिस्ता स्वतः बोआ व्हिस्ता बेटाचा, जुना कॅप्टन, 2020 पासून तोच आहे.

एकदाचा योगायोग म्हणाल तर तेही नाही. 2013 ला पहिल्यांदा आफ्रिका कप खेळले, तिथे जाताना कॅमेरूनलाच बाहेर काढलं होतं, कोच लुसिओ आंतुनेश मूळचा विमानतळावरचा एअर ट्रॅफिक कंट्रोलर, आणि थेट क्वार्टर फायनल. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ट्युनिसमध्ये जाऊन ट्युनिशियाला 2-0 हरवलं, 2014 च्या वर्ल्ड कपच्या शेवटच्या प्लेऑफमध्ये पोचले, आणि सस्पेंड असलेला खेळाडू खेळवला म्हणून ती जिंकलेली मॅच आणि प्लेऑफची जागा काढून घेतली गेली. अशा धक्क्यानंतर कितीतरी फेडरेशन कोलमडतात. हे 2024 च्या सुरुवातीला झालेल्या आफ्रिका कपमध्ये घानाला हरवून पुन्हा क्वार्टर फायनलला गेले. आणि त्यानंतर लगेच 2025 च्या आफ्रिका कपच्या पात्रता फेरीत ग्रुपमध्ये शेवटचे आले. शेवटचे! तरी बुबिस्ताला काढलं नाही. वर्षभरात तो वर्ल्ड कपला पोचला आणि आफ्रिकेचा वर्षातला सर्वोत्तम कोच ठरला. माझ्या मते सगळ्यात मोठा निर्णय तो न काढण्याचाच होता.

फुटबॉलबाहेरही बघा, 2023 ला हाच देश बास्केटबॉलचा वर्ल्ड कप खेळला, मायो बेटावरचा 2.21 मीटर उंच एडी तावारेश घेऊन, आणि व्हेनेझुएलाला हरवलं. 2024 ला पॅरिसमध्ये बॉक्सर डेव्हिड दे पिनानं ब्राँझ जिंकलं, देशाचं पहिलं ऑलिंपिक मेडल.

राहिला भारताचा मुद्दा. मी भारताला नावं ठेवली नव्हती आणि ठेवणारही नाही, "पाच लाखांना जमतं तर दीडशे कोटींना का नाही" हे वाक्य मला आवडतच नाही, कारण वस्ती मैदानात उतरत नाही, अकरा जण उतरतात. पण तुम्ही विचारलंत की मग आपणही परदेशातली पोरं आणायची का, तर माझं उत्तर हो असं आहे. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्टच लागतो, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते ओसीआय कार्ड चालत नाही. पुण्यात ज्यांनी पुणे एफसीच्या मॅच बालेवाडीला बघितल्यात त्यांना अराता इझुमी आठवत असेल, आई जपानी, वडील गुजराती, जपानचं नागरिकत्व सोडून त्यानं 2012 मध्ये भारताचं घेतलं आणि 2013 मध्ये भारताकडून खेळला. 2025 मध्ये रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला, आई मुंबईची. दोघांनाही जन्मभूमीचं नागरिकत्व सोडून यावं लागलं, पिको लोपेशला आयर्लंडचं सोडावं लागलं नाही. नागरिकत्वाचा कायदा फुटबॉलसाठी बदला असं मी म्हणत नाहीये, पण खेळासाठी ओसीआयवाल्यांना वेगळी परवानगी देता येते का यावर क्रीडा मंत्रालयानं गंभीरपणे विचार करावा असं मला वाटतं. तुम्हाला ते पटत नसेल तर का नाही ते नक्की लिहा, पण कृपया त्या पोरांना भाड्याची म्हणू नका.