"खान्देशात समुद्र कुठे आहे?" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

कोकणातल्या बीचवरचा कचरा आणि म्हाताऱ्या माणसांना वाळूत उतरायची गैरसोय यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "खान्देशात समुद्र कुठे आहे? तुम्ही घाटावरची माणसं वर्षातून चार दिवस येता, कचरा करून जाता आणि वर आम्हालाच शिकवता." आधी माझी चूक कबूल करतो, वेळास मी दापोली तालुक्यात लिहिलं होतं, ते मंडणगड तालुक्यात आहे, दुरुस्त केलंय, धन्यवाद.

आता समुद्राचं. मी भुसावळचा, तापीकाठी लहानाचा मोठा झालो. तापी मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतच्या पुढे अरबी समुद्राला मिळते, म्हणजे तुमच्याच समुद्राला. आमच्याकडे लोक निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट पाण्यात सोडतात. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाच-सात जण ते काढायला जातो, अकरा वर्षं झाली, एकदाही चुकवलं नाही. मागच्या वर्षी एका पिशवीची गाठ सुटेना म्हणून ब्लेडने कापली तर आत झेंडूच्या काळ्या पडलेल्या माळा, अगरबत्तीचे पुडे आणि देवाची फुटकी तसबीर, काच तशीच. ही पिशवी पुरात कुठे गेली असती? मधे उकाईचं धरण आहे, सगळंच पोचत नसेल, पण नदीकाठच्या माणसाला समुद्राबद्दल बोलायचा हक्क नाही हे तुम्ही कुठल्या तोंडाने म्हणता? आणि मला ओळखता तरी का तुम्ही, "कचरा करून जाता" लिहायला?

बीच काय कुणा एका गावाच्या सातबाऱ्यावर असतो का? सुप्रीम कोर्टाने १९९६ साली कमलनाथ प्रकरणात सांगितलंय की किनारे, वाहतं पाणी, हवा, जंगलं हे सरकारने विश्वस्त म्हणून लोकांसाठी सांभाळायचं. लोकांसाठी म्हणजे माझ्यासाठी पण ना? मग मी विचारणार.

तुमचं दुसरं वाक्य, "म्हाताऱ्या माणसांनी वाळूत यायचा हट्ट कशाला", हे वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही. माझी आई ७४ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे गेलेत, तिने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. मी तिला घेऊन गेलो तर पायऱ्या तुटलेल्या, आणि एकच उतार होता त्याच्या तोंडाशी दोन जीप आणि चहाची गाडी. कसंतरी उतरवलं, तर वॉकरचे पाय वाळूत रुतायला लागले. चार पावलं गेली आणि म्हणाली, जाऊ दे रे बाप्पा, तू पाहून ये. मग गाडीच्या काचेतून पाहिला तिने समुद्र, अर्धा तास, मधे लोकांच्या पाठी. याला हट्ट म्हणता? चेन्नईच्या मरिना बीचवर २०२२ साली व्हीलचेअर पाण्याजवळ जाईल असा लाकडी रस्ता केला, वादळात मोडला तर परत दुरुस्त केला. तिथे कुणी हट्ट म्हणालं नाही.

राहिलं तुमचं ग्रामपंचायतीकडे पैसे नाहीत, माणसं नाहीत हे म्हणणं. पार्किंगची पावती मी स्वतः घेतलीय, ते पैसे कुठे जातात ते तुम्ही गावचे आहात, तुम्हीच विचारा.

लेख काढणार नाही. येत्या जानेवारीत आईला घेऊन परत तिथेच येतोय. भेटायचं असेल तर जरूर या, पण "घाटावरची माणसं" असंच म्हणणार असाल तर राहू द्या.