लेंटमध्ये जेवणाऱ्या बाईचं उत्तर

लेंट म्हणजे ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस. 'लेंटमध्ये मी तिन्ही वेळा जेवते' या माझ्या लेखावर निपाणीच्या एका काकांनी खरमरीत लिहिलंय. चाळीस दिवस पोटाला जरा कळ सोसवत नाही, वर मानसोपचाराच्या गोळ्या घेता, आणि याला विश्वासाचं जीवन म्हणता? हे शहरातल्या पोरींचे लाड आहेत. माझी भाची दर शुक्रवारी उपास करते, तिला काही होत नाही.

काका, मी रागावले नाही. चर्चच्या मंडळीत कितीतरी जण हेच मनात म्हणतात, तुम्ही तोंडावर विचारलंत.

पण उपास मला जमत नाही असं कुठे लिहिलंय? फार चांगला जमतो, घोळ तिथेच आहे. मला बुलिमिया आहे, म्हणजे अधाशासारखं खाऊन मग ते ओकून टाकण्याचा आजार. त्यात दिवसभर उपाशी राहणं ही रात्रीची तयारी असते. घर झोपलं की दिवा न लावता भाकऱ्या, चटणी, डब्यातला कुंदा, हाताला लागेल ते कोंबायचं. मग मोरीत जाऊन ओकायचं, नळ मोठा सोडून. सकाळी प्रार्थनासभेत बायका म्हणायच्या, बघा, पोरगी कशी उपास-प्रार्थनेत असते! त्या कौतुकावर पुढचा आठवडा निघायचा. सतत उलट्यांनी दातांचं आवरण झिजतं, लाळग्रंथी सुजतात. माझे गाल त्यानेच भरलेले दिसायचे आणि घरचे खूश, तब्येत सुधारली म्हणून. आत रक्तातलं पोटॅशियम उतरत असतं. फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. लाडाने असं होत नाही हो. आणि माझं माहेर खानापूरकडचं, शेतातलं.

उपचार ऐकायला साधा आहे. ३ जेवणं, मध्ये २-३ वेळा थोडं खाणं, दोन खाण्यांत ३-४ तासांहून जास्त खंड नको, भूक असो नसो. शाळेत अकराला मी डबा उघडते तेव्हा कुणीतरी म्हणतंच, "आत्ताच नाश्ता केलीस की गे!" त्या वाक्यानंतर पहिला घास गिळायला मला अजून प्रार्थना लागते. गोळी फ्लुऑक्सेटिनची, ती प्रार्थनेच्या आड येत नाही. बायबलमधला, प्रेषित पौलाबरोबरचा लूक वैद्यच होता. (धारवाडला मनोरुग्णालय आहे, म्हणून आपल्याकडे वेड्याला 'धारवाडला धाडा' म्हणतात. मी धारवाडला गेले, स्वतःच्या पायांनी.)

शास्त्राचं म्हणाल तर बायबलमधला १ राजे, अध्याय १९ काढा. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडलाय. देवदूत त्याला उठवतो आणि खायला देतो, एकदा नव्हे, दोनदा. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस चालतो. याईराच्या मुलीला मेलेल्यातून उठवल्यावर येशूनेही घरच्यांना सांगितलं, हिला खायला द्या. कॅथलिक चर्चमध्येही उपासाचं बंधन १८ ते ५९ वयाच्यांनाच, आणि आजाऱ्याला सूट असते. लेंटमध्ये मी काही सोडत नाही असंही नाही. राखेच्या बुधवारी, लेंटच्या पहिल्याच दिवशी, वजनकाटा शेजारच्या काकूंकडे गेला. जेवण सोडण्यापेक्षा ते मला कितीतरी जड गेलं.

पूर्ण बरी झाले अशी साक्ष मात्र मी देणार नाही. नाताळच्या फराळाचं ताट अजून अंगावर येतं.

भाचीला काही होत नसेलही. पण जेवल्या जेवल्या उठून ती रोज मोरीत जाते का, एवढं तिच्या आईला बघायला सांगा. तसं असलं तर ओरडू नका, डॉक्टरकडे न्या. लगेच जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, रात्रीही चालतो, पैसे पडत नाहीत.