खापरावर नाव होतं, गुन्हा नव्हता

निवडणूक जवळ आली की एक मेसेज हमखास फिरू लागतो. मजकूर असा: 'प्राचीन अथेन्समध्ये जनता दरवर्षी मतदान करून भ्रष्ट नेत्याला हद्दपार करायची. त्याची मालमत्ता जप्त व्हायची. म्हणून तिथे भ्रष्टाचार नव्हता. आपल्याकडेही हाच कायदा हवा.' वाचायला झकास आहे, पण एकेक वाक्य तपासून बघू.

'दरवर्षी हद्दपारी'. दरवर्षी विचारला जाई तो फक्त प्रश्न: यंदा अशी हद्दपारी करायची का? नागरिकांची सभा हो म्हणाली, तरच साधारण दोन महिन्यांनी अगोरात, म्हणजे भर चौकात, मतदान होई. नागरिक फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर एक नाव कोरून आणत. एकूण ६००० खापरं जमली नाहीत तर सगळं रद्द. इ.स.पू. ४८७ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा वापरली गेली आणि पुढच्या सत्तरेक वर्षांत जेमतेम डझनभर माणसं हद्दपार झाली.

'भ्रष्ट नेत्याला'. खरी गफलत इथे आहे. आरोपपत्र नाही, पुरावा नाही, बचावाचं भाषण नाही. एखादा माणूस डोईजड होतोय असं पुरेशा लोकांना वाटलं की झालं. इ.स.पू. ४८२ मध्ये हद्दपार झालेल्या अ‍ॅरिस्टायडीस या नेत्याची ख्याती तर 'न्यायी' अशी होती. प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, एका निरक्षर खेडुताने त्याला न ओळखता त्याच्याच हातात खापर दिलं आणि 'यावर अ‍ॅरिस्टायडीस लिही' म्हणाला. त्याने तुझं काय वाकडं केलं, असं विचारल्यावर उत्तर आलं: काही नाही, पण जिथे तिथे 'न्यायी, न्यायी' ऐकून कंटाळलो. किस्सा रचलेलाही असेल, पण सापडलेली खापरं त्याच वळणाची आहेत. किमॉन या पुढाऱ्याच्या नावाच्या एका खापरावर लिहिलंय की बहीण एल्पिनिकेला घे आणि चालता हो. मेगाक्लीस या दुसऱ्या पुढाऱ्यावर राग कशाचा, तर घोडे पाळतो!

'जनतेने'. स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक यांना मत नव्हतं. उरलेल्यांचं मतही किती उत्स्फूर्त असेल? अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या नेत्याच्या नावाची १९० खापरं निघाली. अक्षर तपासलं तर लिहिणारे हात चौदाच्या आसपास. म्हणजे विरोधकांनी आधीच लिहून ठेवलेला गठ्ठा. आयत्या स्लिपा वाटण्याचा उद्योग आपल्याला नवा नाही.

'मालमत्ता जप्त'. साफ चूक. दहा वर्षं बाहेर राहायचं, बस्स. जमीन, उत्पन्न, नागरिकत्व सगळं शाबूत. थेमिस्टोक्लीसची मालमत्ता गेली ती नंतर, देशद्रोहाच्या वेगळ्या खटल्यात. शिवाय सभा दहा वर्षांच्या आतही परत बोलावू शके. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी फौजा चालून आल्या तेव्हा अ‍ॅरिस्टायडीस आणि (पुढे अथेन्सचा सर्वांत नामवंत नेता झालेल्या) पेरिक्लीसचा बाप झँथिपस, दोघांनाही माघारी आणावं लागलं आणि पुढच्याच वर्षी दोघांनी सैन्याचं नेतृत्व केलं.

राहिला 'भ्रष्टाचार नव्हता' हा दावा. नव्हता, तर पद सोडणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याचा हिशेब तपासायची सक्ती कशाला होती? पैसे खाणाऱ्याला पकडायचं ते या तपासणीत आणि न्यायालयात. खुद्द पेरिक्लीसला इ.स.पू. ४३० मध्ये पदावरून काढून दंड केला, तो न्यायालयाने, खापरांनी नव्हे. (लोकांनी लगेच त्याला पुन्हा सेनापती निवडलं, ते वेगळं.)

आणि 'आपल्याकडेही हवा' म्हणणाऱ्यांसाठी: हा कायदा अथेन्सनेच वापरायचा सोडला. इ.स.पू. ४१६ च्या सुमारास निकियास आणि अल्सिबायडीस या दोन पुढाऱ्यांपैकी एक हद्दपार होणार असं दिसत होतं. दोघे कट्टर विरोधक, पण त्यांनी आतून हातमिळवणी केली आणि दोघांचे समर्थक मिळून तिसऱ्यालाच, हायपरबोलसला, घालवून मोकळे झाले. त्यानंतर कुणाचीही अशी हद्दपारी झाली नाही. बेकायदा ठराव मांडणाऱ्यावर खटला भरायची वाट लोकांनी धरली. त्यातही अ‍ॅरिस्टोफोन नावाचा पुढारी फुशारकी मारायचा, की माझ्यावर असे ७५ खटले झाले आणि सगळ्यांतून सुटलो.