हवेचा आकडा नंतर, आधी गाडीची उंची: बॅगांवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल आधी आभार. चिडून लिहिली असली तरी त्यातले प्रश्न बऱ्याच जणांना पडतात, म्हणून खाली दोन ओळीत न उरकता इथे सावकाश लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात: ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपच्या मागच्या पाट्यांना (लोखंडी पानांच्या स्प्रिंगना) मदत म्हणून ज्या हवेच्या बॅगा बसवतात त्यांच्या देखभालीवर मी लिहिलं होतं, आणि यांचं म्हणणं असं की हा सगळा नसता उपद्व्याप आहे, 60 पीएसआय भरायचे आणि विसरून जायचं, वरचेवर चेक केलं तर दर वेळी प्रेशर कमीच दिसतं म्हणजे बॅगाच भिकार असतात, रिकाम्या गाडीत सगळी हवा सोडली की गाडी मस्त मऊ चालते मग तुम्ही म्हणता ते किमान प्रेशर कशाला, आणि बॅगांनी गाडी लेव्हल झाली की वेट डिस्ट्रिब्यूशन हिचवर (ट्रेलरचं वजन बारांनी पुढच्या चाकांकडेही ढकलणाऱ्या जोडणीवर) खर्च म्हणजे पैसे पाण्यात.

दर वेळी प्रेशर कमी दिसतं ना, ते आधी घेऊ, कारण त्यात बॅगेचा काही दोष नसतो बहुतेक वेळा. टायरमध्ये हवा भरपूर असते, गेज लावताना थोडी फुस्स झाली तरी आकडा हलत नाही. बॅग आणि तिची बारीक नळी मिळून आत हवाच इतकी कमी असते की गेज टेकवला की दोन-चार पीएसआय सहज जातात. खात्री करायची तर एकदा मोजा, आकडा लिहा, आणि लगेच परत मोजा, जो फरक येईल तेवढं तुमचा गेज खातोय. तेवढं वजा केल्यावरही रात्रभरात उतरत असेल तर मग लीक शोधा. थंडी पडली की आतली हवा आकसते आणि मागचा भाग जरासा बसतो हेही लक्षात ठेवा, दुपारच्या उन्हातला आकडा आणि पहाटेचा आकडा यांची तुलना करून कुणी बॅगवाल्याला शिव्या घालू नयेत. रोजच्या रोज गेज लावायचाच असेल तर नळीत टी आकाराचा जोड टाकून कायमचा गेज बसवा, कटकट मिटते.

आता 60 भरा आणि विसरा. माझी खरी तक्रार इथे आहे, कारण 60 हा आकडा कुठून आला? बॅग हवेवर टिकत नाही की मरत नाही, ती टिकते ती योग्य उंचीवर ठेवल्यामुळे, आणि प्रेशर म्हणजे त्या उंचीला त्या वजनाखाली किती हवा लागली याचं नुसतं उत्तर आहे. म्हणून मी सांगतो की टेप घ्या, सपाट जागेवर गाडी उभी करा, मागच्या चाकाच्या मधोमधपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, रिकाम्या गाडीची उंची कुठेतरी लिहून ठेवा. मग ट्रेलर जोडा, गाडी मागून बसेल, हवा भरत त्या उंचीच्या जवळ आणा आणि तिथे थांबा, वर नेऊ नका. तेव्हा गेजवर 35 येईल नाहीतर 50 येईल, जे येईल ते त्या लोडचं प्रेशर, ते पण लिहा.

हे लिहून ठेवलेलं किती उपयोगी पडतं ते काही महिन्यांनी कळतं. त्याच ट्रेलरला उंची पण कमी आणि प्रेशर पण कमी आलं तर हवा गेलीये, सरळ आहे. पण प्रेशर नेहमीएवढं आहे आणि तरी गाडी बसलीये, असं झालं तर बॅगेला हात लावू नका, एकतर हिचवर वजन वाढलंय (ट्रेलरमधलं सामान पुढे सरकवून भरलं की होतं असं) किंवा पाटा दमलाय, कधी कधी एखादं पान तुटलेलं पण निघतं. लोक इथेच काय करतात तर आणखी हवा मारतात, गाडी परत वर येते, आणि तुटलेल्या पाट्यावर पुढचा प्रवास चालू. तुमच्या भरा-विसरा पद्धतीत हे कळणारच नाही हो, कारण तुलना करायला मागचा आकडाच नाही.

आणि तोच 60 रिकाम्या गाडीत तसाच ठेवला तर? मागचा भाग उचललेला राहतो, बॅग ताणलेली, खड्ड्यात चाक खाली जायला जागाच उरत नाही, मागचे टायर उड्या मारतात, ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना तर फारच वाईट. जुन्या काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचं प्रेशर लोडप्रमाणे कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, तो चेसिस आणि अॅक्सलमधलं अंतर बघून ठरवतो की गाडी भरलीये की रिकामी. बॅगांनी मागचा भाग उगाच वर ठेवला की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरलेल्या गाडीतही तो मागचे ब्रेक कमी करतो. तुमच्या गाडीत तो आहे का हे खाली वाकून बघा एकदा, अॅक्सलपासून वर जाणारा दांडा किंवा स्प्रिंग दिसेल.

मग ट्रेलर सोडल्यावर हवा पूर्ण काढायची का, तर नाही, किमानावर आणायची. पाट्यांबरोबर वापरायच्या साध्या बेलो (घड्यांच्या) बॅगांना खालची मर्यादा साधारण 5 पीएसआय आणि वरची 100 असते, कॉइल स्प्रिंगच्या आत बसणाऱ्या बॅगांची वरची मर्यादा मात्र बरीच कमी, 35च्या आसपास, तेव्हा मित्राचा आकडा बघून आपल्या बॅगेत भरू नका, मॅन्युअल बघा. हवा शून्य केली की रबराच्या घड्या वरच्या खालच्या प्लेटमध्ये चिमटतात, त्यात वाळू बसलेली असते आणि प्रत्येक धक्क्याला ती रबर घासते. दुसरं म्हणजे बऱ्याच किटमध्ये कंपनीचा रबरी बंप स्टॉप (अॅक्सल चेसिसवर आदळू न देणारा ठोकळा) काढून त्याच जागी बॅग बसते, म्हणजे तुम्ही हवा काढलीत की मोठ्या धक्क्याला अडवायला मध्ये काही राहतच नाही. तुम्हाला जी मऊ चाल आवडतेय ती पहिल्या मोठ्या खड्ड्यापर्यंतची आहे. आतच बंपर असलेल्या बॅगाही मिळतात, त्या शून्यावर चालवल्या तरी चालतात, तुमच्या त्या असतील तर माझा हा परिच्छेद सोडून द्या.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिचबद्दल मात्र मी अजिबात ऐकणार नाही. समजा 4,000 किलोचा ट्रेलर, त्याचं हिचवर 10 टक्के म्हणजे 400 किलो. हिचचा बॉल (ज्यावर ट्रेलर अडकतो तो गोळा) मागच्या अॅक्सलच्या 1.2 मीटर मागे आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या अॅक्सलमधलं अंतर) 3.6 मीटर धरला तर पुढच्या अॅक्सलवरचं साधारण 133 किलो उचललं जातं आणि मागच्यावर 533 चढतं. आता बॅगेत कितीही हवा भरा, गाडी आडवी सरळ दिसेल पण हे आकडे तसेच राहतील, स्टिअरिंग हलकं ते हलकंच. पुढे वजन परत ढकलतात ते हिचचे बार. बॅगांनी गाडीची वजन उचलायची मर्यादा वाढत नाही हे मी तेव्हा लिहिलं ते याच कारणाने, अॅक्सल, टायर, बेअरिंग, ब्रेक सगळे आधीचेच आहेत ना. दोन्ही असतील तर आधी हवा, मग बार. बार ताणून झाल्यावर हवा मारलीत तर गाडीची शेपटी वर येते आणि बार सैल पडतात, म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

लीक शोधणं कठीण नाही, साबणाचं पाणी बाटलीत भरून लोडच्या प्रेशरला फवारा, आधी व्हॉल्व्हच्या पिनवर, मग फिटिंगवर, बॅगेवर सगळ्यात शेवटी. लीक बहुतेकदा फिटिंगला असतं आणि त्याचं कारण म्हणजे नळी पकडीने कापलेली असते, तोंड चेपून लांबट झालेलं, आतली रिंग सील कशी करणार. हवा पूर्ण सोडा, नळी काढा, धारदार ब्लेडने चेपलेला तुकडा काटकोनात उडवा, परत शेवटपर्यंत दाबून बसवा. घड्यांमधले खडे नि चिखल पाण्याने धुवा, डिझेल पेट्रोलने पुसू नका आणि टायर चमकवायचं तेलकट काहीही लावू नका, रबराची वाट लागते. सायलेन्सरचा पाइप जवळ असेल त्या बाजूचं रबर हाताने दाबून बघा, कडक लागलं तर मध्ये उष्णता अडवणारा पत्रा हवा. गाडी चेसिसखाली जॅक लावून उचलली की अॅक्सल लोंबकळतो आणि बॅग ताणली जाते, म्हणून शक्यतो जॅक अॅक्सलखाली.

गाडीतच कॉम्प्रेसर बसवायची गरज नाही, हे तुमचं मला पूर्ण पटलं, हातपंपानेही काम होतं, उलट कॉम्प्रेसरबरोबर ओलावा आत जातो त्याची वेगळी काळजी.

शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की दोन्ही बॅगा एकाच व्हॉल्व्हला जोडल्यात, सोपं पडतं म्हणून. तेवढं प्लीज बदला. वळणावर बाहेरची बॅग दबते, तिची हवा नळीतून आतल्या बाजूच्या बॅगेत पळते, आणि जिथे आधार हवा तिथूनच तो जातो, गाडी जास्त कलते. नळ्या वेगळ्या करा, दोन व्हॉल्व्ह लावा, दोन्हीकडे तीच उंची आणा, आणि एका बाजूला बरीच जास्त हवा लागली तर आधी गाडीत सामान कुठल्या बाजूला ठेवलंय ते बघा, मग त्या बाजूचा पाटा.